गिटारची घुंडी बदलण्याआधी

बापू, पॉट बदलायला बसशील तेव्हा आधी मल्टिमीटर काढ. सोल्डरिंग आयर्न नंतर तापव. ऑर्केस्ट्रातली पोरं नेमकं उलटं करतात. व्हॉल्यूम दहावरून तीनवर आणला तरी आवाज म्हणावा तसा उतरत नाही आणि तिथून पुढं जरासा फिरवला की एकदम गायब होतो, अशी तक्रार घेऊन येतात. टोनची घुंडी निम्मी फिरेपर्यंत काहीच करत नाही, हीसुद्धा नेहमीचीच. मग कुणी सांगतं पिकअप गेलं, कुणी म्हणतं गिटारच हलकी आहे. पिकअप बिचारं ठणठणीत असतं. दुकानदारानं ‘पाचशे के’ म्हणून जे हातावर ठेवलं ते बसवलेलं असतं, आणि त्यावर ए छापलंय की बी, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

ते अक्षर म्हणजे टेपर. पॉटच्या पोटात कार्बनची गोल पट्टी असते आणि तिच्यावरून पत्र्याची एक जीभ सरकते. पट्टीची दोन टोकं म्हणजे बाहेरचे दोन पाय, जीभ म्हणजे मधला पाय. जीभ निम्म्या वाटेवर आली म्हणून रोध निम्मा होईलच असं नाही. तसा होत असेल तर तो लिनियर, म्हणजे बी. निम्म्या वाटेवर एका बाजूचा रोध एकूण रोधाच्या दहा-पंधरा टक्केच असेल आणि बाकीचा सगळा पुढच्या निम्म्या वाटेत येत असेल तर तो ऑडिओ, म्हणजे ए. आमच्या वेळचे मेकॅनिक त्याला लॉग म्हणायचे. हे वाकडेपण मुद्दाम ठेवलेलं आहे आणि ते कानासाठी आहे.

मंडईचंच घे. भाऊबीज झाली की आपल्या भागात गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार, नाटक, नाहीतर ऑर्केस्ट्रा. मंडळवाले येऊन सांगतात, मागच्या साली शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर होता, यंदा आवाज दुप्पट पाहिजे, दोनशेचा द्या. दोनशेचा दिला तर आवाज ३ डेसिबलनं वाढतो. फरक कळतो, पण तो दुप्पट वाटत नाही. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे शंभराच्या जागी हजार वॅट. कान असा गुणाकारानं मोजतो आणि लिनियर पॉट बेरजेनं चालतो, भांडण सगळं तिथलं आहे. बी पॉट पाचवर आणलास की सिग्नल निम्मा होतो खरा, पण निम्मा सिग्नल म्हणजे फक्त ६ डेसिबल कमी. तीनवर आणशील तेव्हा कुठं साडेदहा डेसिबल उतरतात आणि आवाज निम्मा वाटतो. उरलेली सगळी उतरण तीन ते शून्य या एवढ्याशा वाटेत. ए पॉटात पाचवरच सिग्नल १५ टक्क्यांवर येतो, म्हणजे साडेसोळा डेसिबल खाली. १० टक्केवाला असेल तर २० खाली.

आता यातली गोम ऐक, कारण इथं जाणतेही फसतात. दोन्ही पॉट शून्यापासून पूर्ण आवाजापर्यंत सगळं देतात. दोन्ही दहावर ठेव आणि डोळे मिटून ऐक. रोध सारखाच असेल तर कोणता ए आणि कोणता बी, हे कुणाच्या बापाला ओळखता येणार नाही. टेपर सूर बदलत नाही. बदल घुंडीच्या कोणत्या घरात घडेल, तेवढंच तो ठरवतो. म्हणून ‘चांगला कोणता’ असं मला विचारू नको. स्टेजवर तुझी करंगळी घुंडीला कधी लागते आणि कशासाठी, ते सांग.

तू स्वच्छ आवाजात वाजवतोस. गायिका अंतरा धरते तेव्हा खाली येतोस, म्युझिक पीस आला की वर जातोस. तुला ए. पाच-सहाच्या घरात गायकामागची पातळी सापडते आणि तिथून वर जाताना आवाज कानाला सरळ चढल्यासारखा वाटतो. हवाईयन गिटारवाले तार छेडल्यावर करंगळीनं व्हॉल्यूम उघडून सूर फुलवतात ना, तसं करायचं असेल तर ए शिवाय गत नाही. बीवर तो सूर फुलत नाही, पहिल्याच घरात फटकन उघडतो.

आणि जो रात्रभर डिस्टॉर्शनचा पेडल दाबून ठेवतो, त्यानं बी लावावा, असं माझं मत आहे. पुष्कळ जण हे मानत नाहीत. कारण समजून घे. ॲम्प किंवा पेडल भरून वाहत असतं तेव्हा गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला तर आवाज कमी होत नाही, फक्त त्याचा करकरीतपणा उतरतो. म्हणजे ती घुंडी आवाजाची राहतच नाही, करकरीतपणाची होते, आणि तिथं पहिल्या १० डेसिबलांतच सगळा खेळ असतो. ए मध्ये ते १० डेसिबल दहापासून सहापर्यंत, चार घरांत संपतात. बी मध्ये त्यांना दहापासून तीनपर्यंत सात घरं मिळतात. बारीक हात फिरवायला जागा कुठं जास्त, तूच सांग. गिब्सनसारख्या कंपनीनंही बरीच वर्षं महागड्या गिटारींत ३०० किलोओमचे लिनियर व्हॉल्यूम पॉट घातले होते. तेव्हा बी म्हणजे स्वस्तातला माल, असं समजू नको.

दोन पिकअपना दोन वेगळे व्हॉल्यूम असतील आणि स्विच मधोमध ठेवून तू दोघांची मिसळ करत असशील, तिथंही बी सोपा पडतो. मिसळीचा बदल दहाच्या जवळच्या घरांत असतो आणि ए ती घरं झपाट्यानं ओलांडतो. एक ध्यानात ठेव, नेहमीच्या वायरिंगमध्ये अशा गिटारचा एक व्हॉल्यूम शून्यावर नेला की मधल्या स्विचवर दोन्ही पिकअप बंद पडतात. तो पॉटचा दोष नाही, जोडणीच तशी आहे.

टोनला मात्र डोळे झाकून ए. यात वाद नको. टोनचा पॉट आवाज वाटून देत नाही. तो कपॅसिटरच्या वाटेत उभा असलेला रोध आहे. तो रोध जितका कमी, तितकी वरची धार कपॅसिटरमधून जमिनीत जाते. पाचशे के चा बी पॉट पाचवर आणलास तर वाटेत अजून अडीचशे के उभे आहेत, धार जागची हलत नाही. पार दोन-एकच्या खाली गेल्यावर एकदम आवाज बसतो. ए पॉटात पाचवर पन्नास ते पंचाहत्तर के च उरतात, फरक लगेच कानाला लागतो आणि खालच्या घरांत हळूहळू मुरत जातो. ‘टोन चालतच नाही’ म्हणून आलेल्या गिटारींत मी आधी हेच पाहतो. कपॅसिटरवर २२३ लिहिलं असेल तर ०.०२२ मायक्रोफॅरड, ४७३ असेल तर ०.०४७. जाड हमबकर पिकअपला पहिला, बारीक सिंगल कॉइलला दुसरा, अशी चाल आहे. कपॅसिटर बदलून टोनची घुंडी सरळ चालत नसते. तिथं टेपरच पाहावा लागतो.

टेपरच्याही आधी रोधाचा आकडा बघायचा असतो. सिंगल कॉइलला २५० के, हमबकरला ५०० के. आकडा कमी तितका आवाज मऊ, जास्त तितका उघडा. फेंडरनं जॅझमास्टरला १ मेगओम दिला होता. बॅटरीवाल्या ॲक्टिव्ह पिकअपचं गणित वेगळंच, तिथं २५ के लागतो. त्यात ५०० घातलास तर घुंडी चालू-बंद बटणासारखी वागेल. बेंजोवाल्यांनाही हाच हिशोब. आपल्याकडं १४ एप्रिलला भीमगीतांचे कार्यक्रम असतात, त्याआधी बेंजो घेऊन येणारे पुष्कळ. बेंजोला कॉइलचं पिकअप असेल तर गिटारचाच नियम लावायचा. चिकटवलेला पिझो असेल तर ५०० के ही कमी पडतो, आवाजाचा खालचा भाग गळून पडतो. तिथं १ मेगचा ए लाव.

हे आकडे गिटारवाल्यांनी शोधून काढलेले नाहीत. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्यानं रेडिओचं दुकान टाकलं, आणि गिटार वाजवायला त्याला येत नव्हती. रेडिओच्या बाजारात जे पॉट मिळत तेच गिटारमध्ये गेले. आपल्या घरांतल्या मर्फी, बुश, फिलिप्सच्या वाल्व्हवाल्या रेडिओतही व्हॉल्यूमला ५०० के किंवा १ मेगचा लॉग पॉटच असायचा. माळ्यावर असा रेडिओ मोडून पडला असेल तर त्याचा पॉट फेकू नको, मोजून बघ. मागं चालू-बंदचा स्विच असेल तर तो मोकळा सोड. चौथा पाय दिसला तर घाबरू नको. कमी आवाजात खर्ज टिकवण्यासाठी तो दिलेला असायचा, गिटारमध्ये त्याला काही जोडायचं नाही. पण ट्रान्झिस्टर रेडिओचा पॉट चुकूनही घालू नको. तो ५ के, १० के चा असतो. त्यानं गिटारची धार पार मरते, आवाजही अर्धा गिळला जातो.

आता मोजणी. पॉट सुटा असू दे. जोडलेला असताना मोजलास तर पिकअपचा रोधही आकड्यात येईल. दांडी तुझ्याकडं, पाय खाली. बाहेरच्या दोन पायांवर मीटर लाव, तो एकूण रोध. ५०० लिहिलेला ४०० भरला तरी दुकानदाराशी भांडू नको, वीस टक्के इकडंतिकडं कंपनीच चालवून घेते. पण चार मोजून त्यातला आपल्याला हवा तो निवडायला कोण अडवतंय? मग दांडी बरोबर मधोमध आण. डावा आणि मधला पाय मोज, मग मधला आणि उजवा. दोन्ही अडीचशे-अडीचशे आले तर बी. डावीकडं पन्नास-पंचाहत्तर आणि उजवीकडं चारशेच्या वर आले तर ए. डावीकडं दीडशे आले तर तोही ए च आहे, पण तीस टक्क्यांचा. त्याची उतरण सौम्य असते आणि मला स्वतःला गिटारच्या व्हॉल्यूमला तोच आवडतो, कारण पाचवर तो १० डेसिबल उतरतो आणि आवाज खरोखर निम्मा वाटतो. दोन कंपन्यांचे ए सारखे नसतात. छापलेल्या अक्षरावरही विसंबू नको. जुन्या युरोपी मालावर ए म्हणजे लिनियर असायचा, आपल्या बाजारात येणाऱ्या आशियाई मालावर ए म्हणजे ऑडिओ. मीटरला अक्षर वाचता येत नाही, म्हणून तो खोटं बोलत नाही.

जोडताना डावा पाय जमिनीला, उजव्यावर पिकअप, मधल्यावरून जॅक. हे दांडीकडून पाहताना. गिटारच्या पोटात तू मागून पाहतोस, तेव्हा डावं-उजवं उलटतं. ए पॉट उलटा बसण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. उलटा बसलेला ए हा बी पेक्षाही वाईट: पाचवर ८५ टक्के सिग्नल उरतो, म्हणजे दीड डेसिबलही उतरत नाही. डावखुऱ्या गिटारला हीच अडचण जन्मजात असते. तिथं घुंडी उलटी फिरवायची म्हणून लोक बाहेरचे पाय बदलतात आणि टेपर बिघडवून बसतात. डावखुऱ्याला सी टेपरचा, म्हणजे उलटा लॉग पॉट मागवावा लागतो. तो मिळाला नाही तर बी लाव, त्याला दोन्ही दिशा सारख्या.

व्हॉल्यूम कमी केला की धार जाते, ही तक्रार टेपरच्या माथी मारतात, ते अर्धवट खरं आहे. गिटारच्या वायरीत दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड भरतात. सहा मीटरची वायर म्हणजे ६००. पॉटची जीभ रोधाच्या मधोमध असते तेव्हा ५०० के चा पॉट वायरीला १२५ के सारखा दिसतो, आणि हिशोब केलास तर दोन हजार हर्ट्झच्या आसपासपासून धार गळायला लागते. बी मध्ये ही जागा पाचवर येते, ए मध्ये सातच्या जवळपास. गळती तेवढीच, फक्त घर बदललं. तेव्हा आधी वायर आखूड कर. मंडईच्या स्टेजवर दहा मीटरची वायर कशाला लागते, मला कळत नाही. गिटारवाला काय मैदानात धावतो?

त्यावर उपाय म्हणून व्हॉल्यूमच्या उजव्या आणि मधल्या पायात एक छोटा कपॅसिटर घालतात, एक हजार पिकोफॅरडच्या आसपासचा, आणि त्याच्या बाजूनं १५० के चा रेझिस्टर. धार टिकते. पण तो रेझिस्टर टेपर खातो, हे सांगत कुणी नाही. ए ५००के पाचवर १५ टक्के देत होता, तो आता चाळीस टक्के देतो. साडेसोळाच्या जागी आठच डेसिबल उतरतात. म्हणजे पैसे ए चे दिले आणि घरी आला जवळजवळ बी. आणि मुळात बी असेल तर पाचवर तीन डेसिबलही उतरणार नाहीत. म्हणून हे घालायचं असेल तर पॉट ए च हवा. नाहीतर रेझिस्टर बाजूनं न लावता कपॅसिटरच्या पुढं, एकामागं एक, सव्वाशे-दीडशे के चा लाव. मग खालच्या सुरांचा टेपर आहे तसा राहतो.

रेडिओवाल्यांची एक जुनी युक्ती तुला कुणीतरी सांगेलच: लॉग मिळाला नाही तर लिनियर घे, जिभेपासून जमिनीपर्यंत त्याच्या सातव्या हिश्शाचा रेझिस्टर लाव, लॉगसारखा चालतो. खरं आहे, १०० के च्या बी ला १५ के लावले की पाचवर एकोणीस टक्के मिळतात. ॲम्प्लिफायरच्या आत, मिक्सरमध्ये मजेनं कर. गिटारमध्ये करू नको. ५०० के च्या पॉटाला ७५ के लावलेस तर घुंडी दहावर असताना पिकअपला फक्त ६५ के दिसतात. टेपर सुधारला आणि गिटार मेली.

विकत घेताना मापं बघ. मोठ्या अमेरिकी पॉटची चुडी साडेनऊ मिलीमीटरची, छोट्या पॉटची सात-आठची. गिटारचं भोक आधी मोज. लाकडाला ड्रिल लावण्यापेक्षा पॉट बदलून आणणं स्वस्त. दांडी कापलेली आहे की भरीव, तेही बघ, नाहीतर जुनी घुंडी बसणार नाही. पॉटच्या पाठीवर जमिनीची वायर लावताना पाठ आधी सँडपेपरनं घास, पन्नास-साठ वॅटचं आयर्न वापर आणि दोन-तीन सेकंदांत बाजूला हो. पंचवीस वॅटच्या कांडीनं मिनिटभर शेकत बसलास तर सोल्डर धरत नाही, आणि आतली पट्टी भाजते ती वेगळीच.

आणि खरखरीला टेपर समजू नको. गोंदियात राइस मिलची धूळ कुठं शिरत नाही? रोवणीच्या दिवसांत गिटार महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडलेली, हवेत ओल, गणपती आले की बाहेर निघते आणि घुंडी करकरते. काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा पायांजवळच्या फटीतून मार, घुंडी या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरव, वाळू दे. पेट्रोल नको, रॉकेल तर नकोच. एवढ्यानं गेली तर पॉट चांगला होता. त्याच एका जागी खरखर राहिली तर पट्टी झिजली आहे, तिला औषध नाही.

नागपूरला जाशील तेव्हा सीताबर्डीत एकदम चार ए घे, दोन बी घे, आणि मीटर खिशात ने. दुकानातच दांडी मधोमध आणून मोज. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू दे. घरी आल्यावर प्रत्येकाच्या पाठीवर मार्करनं आकडा लिहून ठेव, एकूण किती आणि पाचवर किती. आणि काढलेला जुना पॉट फेकून देण्याआधी मला दाखव.